चेंडूमागचा टॉवेल

मी एक जुनी सात नंबरची काठी आहे. गुरं हाकायची नव्हे आणि म्हाताऱ्यांनी टेकायचीही नव्हे. गोल्फ नावाचा खेळ असतो, त्यातली. वर रबराची मूठ, मध्ये पोलादी दांडा आणि खाली लोखंडाचं तिरकं पातं. मित्रांनो, मी काही शिकलेली नाही. माझ्या पात्यावर एकच आकडा कोरलेला आहे आणि तेवढाच मला वाचता येतो. पण आधी चेंडू लागला की आधी माती लागली, हे मला जेवढं कळतं तेवढं बुकं वाचून कुणाला कळायचं नाही. कारण लागतं ते माझ्या पात्याला लागतं.

आज मी एका चष्म्याच्या दुकानात दाराआड उभी असते. सकाळी शटर अर्ध्यात अडकलं की मला पुढे करतात. संध्याकाळी माझं पातं कडीत अडकवून शटर खाली ओढतात. वरच्या फळीवरचा खोका काढायलाही मीच. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे काय आहे हो?" काचा घासणारा कारागीर मान वर न करता म्हणाला, "शटर ओढायचा हुक." झालं. ज्या पात्याने तीन वेळा घरात करंडक आणला, त्याची आता एवढीच ओळख. तोंड असतं तर दोन शब्द सुनावले असते.

माझा जन्म भट्टीतला. लालबुंद लोखंडाच्या कांबीवर घणाचे घाव पडले तेव्हा कुठे मला चेहरा आला. मग एका कारागिराने कानशीने मला इतकं घासलं की अंगावर एक खडबडीत जागा उरली नाही. शेवटी त्याने मला बोटावर तोलून धरलं, नखाने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "ही खोटं बोलणार नाही." हे एवढं एकच प्रमाणपत्र माझ्याकडे आहे.

तिथून मी एका बड्या माणसाच्या पिशवीत गेले. पिशवीत आम्ही चौदा जणी. सगळ्यात लांब जी होती तिचा तोरा काय विचारता. तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी, जसं काही तिलाच सर्दी होणार. आणि सगळ्यात धाकटी शेवटी येऊन चेंडूला हळूच खड्ड्यात ढकलायची आणि टाळ्या सगळ्या स्वतःच घ्यायची. राबायचं आम्ही मधल्यांनी. अशा जावा कुठल्याही घरात सापडतील. त्या बड्या माणसाचा फटका एक दिवस चुकला आणि राग निघाला माझ्यावर. मला झाडावर आपटून तो तिथेच टाकून गेला. चूक हाताची आणि मार काठीला, हे मी तेव्हाच शिकले.

मला उचललं ते गवत कापायच्या यंत्रावर बसणाऱ्या चालकाने. त्याने माझ्या त्या मालकाला गाठून विचारलं, मालकाने हात झटकून "ने" म्हटलं, आणि चालकाने मला सरळ मैदानाच्या कपडेघरात नेऊन आपल्या बायकोच्या हातात दिलं. ती तिथे टॉवेल धुऊन इस्त्री करायची. दिवसाला दोनशे टॉवेल. तिचे दंड असे की गरम इस्त्रीही तिला वचकून असावी. तिला सगळे 'बाई' म्हणत, मीही तेच म्हणते.

त्या मैदानाची एक रीत होती. सोमवारी मैदान खेळणाऱ्यांसाठी बंद, पण तिथे काम करणाऱ्यांना त्या दिवशी खेळायची मुभा. बाकीचे सहा दिवस बाई कपडेघरामागच्या पट्टीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या शेजारी, कामावरून सुटल्यावर पन्नास चेंडू मारायची. शिकवणारा तिचा नवरा. त्याची शिकवणी एकाच टॉवेलची. टॉवेलची चौघडी करायची आणि चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर ठेवायची. चेंडू मारताना काठी टॉवेलला लागली तर फटका चुकला, नाही लागली तर बरोबर. बस्स. कारण या खेळातलं सगळं पाप त्या वीतभर जागेत आहे. पातं आधी चेंडूला लागलं पाहिजे आणि मग मातीला. आधी माती खाल्ली की चेंडू जागच्या जागी बसतो.

पहिल्या महिन्यात बाईने किती टॉवेल उडवले त्याला गणती नाही. नवरा प्रत्येक वेळी तेच बोलायचा, "मागे लागला." ना रागावून, ना हसून. बाहेर ढग आलेत असं सांगावं तसा. बाई दात-ओठ खायची, टॉवेल परत घडी करायची आणि परत मारायची. वर्षभराने टॉवेल जागचा हलेना. मग तिच्या हातात मी अशी चालायचे की चेंडू गेल्यावर मागून मातीची पातळ चकती उडायची, पोळपाटावरून लाटी उचलावी तशी.

दरवर्षी तिथे घरच्या जोड्यांचा सामना असायचा. नवरा-बायको, बाप-लेक, बहीण-भाऊ, कुणीही दोघं. पण एकाच घरातली. चेंडू एकच आणि तो आळीपाळीने मारायचा. म्हणजे एकाने सांडायचं आणि दुसऱ्याने भरायचं. बाई आणि चालक तो सामना तीन वेळा जिंकले. मैदानाच्या ओसरीत लाकडी फळा होता, त्याच्यावर दोघांची नावं सोनेरी रंगात चढली. बाई रोज टॉवेलांचा ढीग घेऊन त्या फळ्याखालून जायची आणि मान वर करून बघायची. मीठ-मिरची लावून सांगत नाही, रोज.

मग चालक गेला. छातीत कळ आली आणि यंत्रावरच गेला. बाईने चार वर्षं मला हात लावला नाही. मुलाला या खेळाची चीड. तो म्हणायचा, "आई, पांढऱ्या चेंडूमागे उन्हात फिरायचं, त्यापेक्षा मी झोपेन." मुलाचं लग्न झालं, सून आली. सून शिकलेली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. बोलायला मऊ, हसायला मऊ, आणि कुणी एक शब्द वावगा बोललं की आतल्या आत आठ दिवस कुढणारी.

एक दिवस बाईने तिच्याकडून आपले डोळे तपासून घेतले. सुनेने पुढे मोठ्या दवाखान्यातही नेलं. नजर मधोमध विरत चालली होती, कापड झिजावं तशी, आणि त्याला रफू नव्हता. घरी आल्यावर बाईने मला पलंगाखालून ओढून काढलं आणि सुनेपुढे धरलं.

"दोन वर्षं म्हणाले ना डॉक्टर?"

"साधारण दोन, आई."

"मग दोन वर्षांनी मला चेंडू दिसायचा नाही. त्याच्याआधी आणखी एकदा त्या फळ्यावर जायचंय मला. जोडीला घरचं माणूस लागतं. नवरा राहिला नाही, मुलगा आहे तो असून नसल्यासारखा. उरलीस तू."

"मला जमेल का हो?"

"मला जमलं. आणि मला तर सहीसुद्धा धड येत नव्हती."

दुसऱ्या दिवशी बाईने तिला कपडेघरामागे नेलं. चेंडू ठेवला, मागे टॉवेल ठेवला आणि मला तिच्या हातात दिलं. कपडेघरातल्या चार-पाच बायका हातातलं काम टाकून बघायला उभ्या. सुनेने दहा चेंडू मारले, त्यात नऊ वेळा मी टॉवेलवर आपटले. आणि मित्रांनो, तिथे बाईची जीभ घसरली. ती त्या बायकांकडे वळून म्हणाली, "आमच्या सूनबाई चेंडू मारायला नाही, टॉवेल आपटून धुवायला आल्यात. लावा गं हिला कामाला."

बायका पोट धरून हसल्या. सूनही हसली. पण मी तिच्या मुठीत होते. तिची बोटं कशी गार पडली ते मला कळलं. बाईला नाही कळलं. बाईला वाटलं, आपण गंमत केली.

त्या दिवसानंतर सून कपडेघरामागे आली नाही. "दुकानाच्या मागे मोकळी जागा आहे, आई, तिथेच हात बसवते," असं म्हणून मला घेऊन जायची. बाई बिचारी खूश. रोज संध्याकाळी विचारायची, "टॉवेल ठेवतेस ना?"

"ठेवते, आई."

टॉवेलही नव्हता आणि गवतही नव्हतं. बसच्या आगारामागे पत्र्याच्या शेडमध्ये सरावाची जागा होती. ओळीने हिरव्या प्लास्टिकच्या चटया, त्यांच्याखाली पक्कं सिमेंट, समोर जाळी. तिथे टोपीवाला एक मास्तर शिकवायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी शिकवणी, बाकीच्या दिवशी सून एकटी शंभर चेंडू मारायची. ऊन म्हटलं नाही, अंगात कणकण म्हटलं नाही. मेहनतीत तिला नाव ठेवायला मला जागा नाही, आणि मी सहसा जागा शोधून काढते.

मास्तर वाईट नव्हता. त्याने तिची पकड सुधारली. पाय कुठे, खांदा कुठे, डोकं किती स्थिर, हे नीट दाखवलं. माझ्या मुठीवर तिचा हात पहिल्यांदा विश्वासाने बसला तो त्याच्यामुळे. शिकवणीने खेळ सुधारतो का, असं मला विचाराल तर सुधारतो. मी नाही म्हणणार नाही. पण तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "ताई, काठी जरा मागे लागतेय हं." सुनेचा चेहरा उतरला. पुढचे दोन आठवडे ती आलीच नाही. परत आली तेव्हा मास्तर एवढंच म्हणाला, "छान. असंच चालू ठेवा." त्याने पुढे ते वाक्य पुन्हा कधी काढलं नाही. त्यालाही माणसं टिकवायची होती.

चटईची लबाडी तुम्हाला सांगते. गवतावर मी मागे पडले तर मातीत रुतते आणि चूक सगळ्या गावाला दिसते. चटईवर मी मागे पडले तरी खालच्या सिमेंटवरून घसरत पुढे जाते आणि चेंडूला लागते. चेंडू उडतो. ठक् असा गोड आवाज येतो. मारणाऱ्याला वाटतं, काय मारलाय. म्हणजे चूक रोज होते आणि रोज तिला शाबासकी मिळते. दोन वर्षं रोज शंभर वेळा सुनेने ती चूक केली आणि ती चूक तिच्या हाडात जाऊन बसली. सरावाने माणूस पक्का होतो म्हणतात. खरं आहे. चुकीचाही पक्का होतो.

आणि मी? मला प्रत्येक फटक्याला कळत होतं. पण कबूल करते, तो ठक् आवाज मलाही गोड लागायला लागला होता. चार वर्षं पलंगाखाली धूळ खाल्ल्यावर कोण नको म्हणेल?

चटईवर घासून माझ्या तळाला हिरवे ओरखडे उमटायचे. घरी निघण्याआधी सून चष्म्याच्या काचा पुसायचं फडकं आणि तो फसफसणारा फवारा घेऊन माझा तळ लख्ख करायची. बाई मला हातात घ्यायची, अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "काठी किती निगुतीने ठेवते पोर." बाईची नजर चांगली असती तर एक दिवस तरी एक हिरवी रेघ तिने पकडली असती. तशीच ती गालावरच्या हसण्यामागचं रडणंही पकडू शकली असती, पण ते तिने नजर शाबूत असतानाही पकडलं नव्हतं.

सामन्याचा दिवस आला. कित्येक दिवस पाण्याचा थेंब नव्हता, मैदान तव्यासारखं वाळलेलं. आणि तेच आमच्या पथ्यावर पडलं. टणक जमिनीवरून मी चटईवरच्यासारखीच घसरत गेले. सूनबाईचे चेंडू उडत होते. बाईला चेंडू आता कडेकडेने दिसायचा. मान तिरकी करून मारायची, पण काय मारायची. एका खड्ड्यापाशी सुनेचा फटका बरा गेला तेव्हा बाई हळूच म्हणाली, "टॉवेलाने केलं काम." सुनेने मान फिरवली.

शेवटच्या खड्ड्याच्या डावाला दोनच जोड्या बरोबरीत उरल्या. आम्ही, आणि दवाखान्यातला कंपाउंडर व त्याची मुलगी. बाईचा पहिला फटका सरळ, मैदानाच्या मधोमध. पुढचा फटका सुनेचा. समोर नाला, नाल्यापलीकडे खड्ड्यात रोवलेला झेंडा. अंतर माझंच, सात नंबरचं. पण नाल्याकाठी पाण्याचे फवारे सोडलेले असतात. तिथलं गवत हिरवंगार होतं आणि खालची माती लोण्यासारखी.

सून उभी राहिली. पकड बरोबर. पाय बरोबर. खांदा मास्तरने सांगितला तसा. तिने मला वर नेलं आणि खाली आणलं, आणि मी चेंडूच्या वीतभर मागे मातीत रुतले. मातीचं एवढं मोठं ढेकूळ उडालं आणि चेंडू दहा पावलांवर जाऊन घरंगळत नाल्यात पडला. डुबुक. बस्स, एवढाच आवाज.

कंपाउंडर जिंकला. त्याने येऊन बाईला म्हटलं, "तुमचा पहिला फटका मात्र लाजवाब." बाईने त्याच्याकडे बघितलं नाही. ती गवतावर गुडघे टेकून बसली होती आणि बोटांनी तो खळगा चाचपत होती. कुठे सुरू झाला, चेंडू कुठे होता. वीत लावून मोजलं तिने.

"ही आजची चूक नाही," ती म्हणाली. "ही रोजची आहे. मुरलेली आहे. टॉवेल ठेवत होतीस ना?"

सून माझ्या पात्यावरची माती पुसायला लागली.

"मी काय विचारते?"

"नव्हते ठेवत. चटईवर शिकत होते. आगारामागे."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"आणि तिथे एकाच्या तोंडून निघालं नाही की बाई, तुझी काठी मागे लागतेय?"

"एकदा निघालं. मी परत निघू दिलं नाही." मग सून एकदम म्हणाली, "तुमच्या तोंडूनही एकदाच निघालं होतं, आई. पाच बायकांसमोर. त्यानंतर ते वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकायची माझी छाती झाली नाही."

बाईने चाचपत ते उडालेलं ढेकूळ शोधलं आणि खळग्यात परत बसवलं. घरी जाताना दोघी ओसरीतल्या फळ्याखालून गेल्या. बाईने मान वर केली नाही.

पुढे मला दुकानाच्या दाराआड जागा मिळाली आणि शटरचं काम लागलं. वर्षभर कुणी पुसलं नाही. पात्यावर गंज धरला. बाईची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा.

एक दिवस भर दुपारी बाई चाचपडत दुकानात आली. दाराआड हात घालून तिने मला ओळखलं, अंगठा गंजावरून त्या सातच्या आकड्यावर फिरवला. कारागिराने हुक म्हटलं म्हणून त्याचा पाणउतारा केला. मग सुनेला म्हणाली, "चल, कपडेघरामागे. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. आणि या वेळी तिथे कुणी नसतं, मी विचारून आलेय."

चार महिने दोघी दुपारी तिथे जात राहिल्या. बाई खुर्चीवर बसायची. टॉवेलची चौघडी स्वतः करायची आणि चेंडूमागे वीत मोजून स्वतः ठेवायची. मी टॉवेलला लागले की धप् असा आवाज यायचा. बाई म्हणायची, "मागे लागला." ना रागावून, ना हसून. नवऱ्याचं बोलणं तिला इतक्या वर्षांनी जमलं. चटईवरच्या दोन वर्षांत जे गेलं नाही ते त्या चार महिन्यांत सुनेच्या हाडातून निघालं. आधी दहात नऊ, मग पाच, मग दोन.

आणि एका दुपारी मी आधी चेंडूला लागले आणि मग मातीला. इतकी स्वच्छ मी चालकाच्या डोळ्यांदेखतही लागले नव्हते. मातीची पातळ चकती उडाली. टॉवेल जागचा हलला नाही. पट्टीच्या टोकाला कपडे वाळत घालायचा खांब आहे, चेंडू थेट त्याच्या रोखाने गेला आणि खांबाच्या दोन हात आधी थांबला. खांबाला लागला असता तर आवाज तरी झाला असता.

बाई खुर्चीतून अर्धी उठली. "लागला. कुठे गेला?"

"सरळ, आई. अगदी खांबापाशी."

बाईचा चेहरा उजळला, आणि मग बघता बघता विझला.

"टॉवेल ठेवतेस ना, विचारायचे, तेव्हाही तू अशीच पटकन बोलायचीस."

"आई, शपथेवर सांगते. चला, तुम्हाला तिथे नेऊन हाताला लावून दाखवते."

"तू नेशील तिकडे मी येणार," बाई म्हणाली. "तो खांब म्हणून तू माझा हात कुठल्याही खांबाला लावशील. मला काय कळतंय?" हे ती कडू बोलली नाही. तेच वाईट होतं. मग तिने चाचपत टॉवेल उचलला, झटकला, घडी केली आणि म्हणाली, "चांगलाच गेला असेल. चल घरी."

मित्रांनो, चेंडू सरळ गेला होता. खांबापासून दोन हात. सून खरं बोलत होती आणि साक्षीदार एक मी, बिनतोंडाची. त्यानंतर दोघी तिकडे गेल्या नाहीत. मी परत दाराआड आहे, आणि कारागीर मला अजून हुकच म्हणतो.

तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी काठी असेल, बॅट असेल, शिवणाचं यंत्र असेल, तर तिला कोरडं पुसा, तेलाचा हात द्या, शटर ओढायला लावू नका. शिकायचं ते मातीवर शिका, जिथे चूक दिसते. कुणाची चूक दिसली तर सांगा, पण पाच जणांना हसवून सांगू नका. आणि तुमची कुणी सांगितली तर दोन आठवडे तोंड लपवू नका. आणि टॉवेल ठेवला का असं कुणी विचारलं, तर आधी जाऊन टॉवेल ठेवा, मग हो म्हणा. एकदा खोटं निघालेलं हो पुढे खरं झालं, तरी ऐकणारा ते हातात घेऊन चाचपतच राहतो.